ग्लस्टर सर्व्हर उठेना: तीन नोडच्या स्टोरेजच्या दुरुस्तीच्या नोंदी

आधी सेटअप सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाचं स्कॅनिंग चालू आहे, जुनी मासिकं, गावच्या छापखान्यांत छापलेली चोपडी, काही हस्तलिखितं. एका पानाची टिफ फाइल साठ-सत्तर एमबीची होते, आणि काही अंक इतके पिचलेत की एकदा स्कॅनरवर पालथे घातले की कडा गळून पडतात, म्हणजे ते परत स्कॅन होणार नाहीत. त्यामुळे डेटा एकाच मशिनवर नको म्हणून ग्लस्टरएफएस १० टाकलंय, म्हणजे तोच डेटा अनेक मशिनवर (नोडवर) एकदम ठेवणारं सॉफ्टवेअर. जाई आणि जुई या दोन मशिनवर पूर्ण डेटा आणि मोगरा हा आर्बिटर, म्हणजे त्याच्याकडे फाइलींची नावं आणि मेटाडेटा, आतला मजकूर नाही. चौथं मशिन चाफा, त्याच्यावर सांबा (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम), त्यातून विंडोज पीसींना झेड ड्राइव्ह दिसतो. तिन्ही नोड मिळून जो एक ड्राइव्ह बनतो तो व्हॉल्यूम, त्याचं नाव दफ्तर, आणि प्रत्येक नोडवरचं त्याचं फोल्डर म्हणजे ब्रिक. सगळीकडे रॉकी लिनक्स ९, डेटाच्या डिस्कवर एक्सएफएस ही फाइलसिस्टम.

या नोंदी ज्यांच्याकडे असाच छोटा ग्लस्टर आहे आणि बघायला वेगळा माणूस नाही त्यांच्यासाठी. कमांड जशा म्हणतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत करा.

१७ मे २०२५, शनिवार, संध्याकाळ

दुपारी वळीव आला, लाइट गेली. जाई आणि मोगरा ज्या यूपीएसवर आहेत तो टिकला, जुई आणि चाफा ज्याच्यावर आहेत त्याच्या बॅटऱ्या पाच मिनिटंही टिकल्या नाहीत आणि दोन्ही मशिन धाडकन बंद पडली. लाइट आल्यावर दोन्ही चालू झाली, पण स्कॅनिंगच्या ताईंचा लगेच फोन, "दादा, झेड ड्राइव्हच दिसंना. सकाळपास्नं केलेलं सगळं गेलं का ओ?"

गेलेलं नव्हतं. पण ते खात्रीनं सांगायला आधी बघावं लागलं, म्हणून पहिलं काम तेच केलं. जाईवर लॉगिन करून थेट डिस्कच्या फोल्डरमध्ये गेलो, आजच्या तारखेचं फोल्डर उघडलं, दोन टिफ कॉपी करून उघडून बघितल्या, ठीक. ग्लस्टरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, अशा साध्या रेप्लिका व्हॉल्यूममध्ये फाइल डिस्कवर साध्या फाइलीसारखीच पडलेली असते, सगळ्या सर्व्हिस बंद असल्या तरी दिसते. (फक्त बघा. त्या फोल्डरमध्ये थेट काही लिहू नका, नाव बदलू नका, डिलीट करू नका, आणि आतलं डॉट-ग्लस्टरएफएस नावाचं लपलेलं फोल्डर तर अजिबात हलवू नका.)

मग प्रश्न असा की दोन नोड धडधाकट असताना झेड ड्राइव्ह का नाही. तर चाफाच्या एफएसटॅबमध्ये (मशिन चालू होताना काय माउंट करायचं म्हणजे जोडायचं त्याची यादी) माउंट करताना फक्त जुईचं नाव दिलेलं. ग्लस्टरमध्ये क्लायंट नंतर सगळ्या नोडशी स्वतः थेट बोलतो, एक नोड गेला तरी काम चालू राहतं, पण माउंट होताना व्हॉल्यूमची कुंडली म्हणजे व्हॉलफाइल एका नोडच्या ग्लस्टरडीकडून (ग्लस्टरची मुख्य सर्व्हिस) घ्यावी लागते, आणि तो नोड नेमका पडलेला. चाफा रीबूट झाला नसता तर कुणाला कळलंही नसतं. जाईचं नाव देऊन हातानं माउंट केलं, ड्राइव्ह आला. एफएसटॅबमध्ये 'बॅकअप-व्हॉलफाइल-सर्व्हर्स' हा पर्याय टाकून बाकी दोघांची नावं लिहिली. ज्यांनी हे टाकलेलं नाही त्यांनी हे वाचता वाचताच टाका.

आता तीनपैकी दोन नोड चालू, कोरम म्हणजे लागणारं बहुमत आहे, लिहिता येतं. पण नवीन स्कॅनची पूर्ण कॉपी फक्त जाईवर, कारण मोगरा नुसता आर्बिटर. म्हणून ताईंना सांगितलं की मी सांगेपर्यंत रोजच्या फाइली स्कॅनरच्या पीसीवरही ठेवा, डिलीट करू नका.

१७ मे, रात्री

आता जुई. 'सिस्टमसीटीएल स्टेटस ग्लस्टरडी' म्हणतं फेल्ड, का ते काही नाही, कंट्रोल प्रोसेस एक्झिट झाली एवढंच. ग्लस्टरचा खरा लॉग वेगळा असतो, /व्हार/लॉग/ग्लस्टरएफएस मध्ये ग्लस्टरडी.लॉग. तो उघडला तर शेवटची ओळ दुपारी दोनची. म्हणजे लाइट जायच्या आधीच लॉग लिहायचा थांबलेला, आणि आत्ता मी सर्व्हिस चालू करायचा प्रयत्न केला त्याचीही एक ओळ नाही. सर्व्हिस मरते आणि मरताना काही बोलतही नाही म्हटल्यावर लॉग लिहायला जागाच नसेल हे डोक्यात यायला हवं. 'डीएफ' मारलं, रूट पार्टिशन शंभर टक्के. ('डीएफ' बरोबर 'डीएफ मायनस आय' पण बघत जा, कधी जागा असते आणि आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात. इथं आयनोड होते.)

जुईची ओएसची डिस्क ६४ जीबीची, तिघांत सगळ्यात लहान. त्यातले जवळजवळ चाळीस जीबी नुसते ब्रिकचे लॉग. जुन्या दाबलेल्या फाइली आधी बाहेर कॉपी केल्या आणि मग उडवल्या. इथं एक लक्षात ठेवा, ब्रिकची प्रोसेस चालू असेल आणि तिचा चालू लॉग 'आरएम' केला तर जागा मोकळी होत नाही, प्रोसेसनं फाइल धरून ठेवलेली असते. अशा वेळी फाइल रिकामी करायची, उडवायची नाही. इथं सगळंच बंद होतं त्यामुळे तो त्रास झाला नाही.

एवढे लॉग का साठले ते नंतर बघू, आधी सर्व्हिस.

१८ मे, रविवार

जागा झाल्यावर सर्व्हिस चालू केली, परत फेल, पण आता लॉग बोलायला लागला. सगळ्यात शेवटी दिसतं ते 'इनिशियलायझेशन ऑफ व्हॉल्यूम मॅनेजमेंट फेल्ड, रिव्ह्यू युवर व्हॉलफाइल अगेन'. ही ओळ शोधत बसू नका. ग्लस्टरडी कुठल्याही कारणानं उठली नाही की ही ओळ येतेच, आणि ती वाचून व्हॉलफाइल बघायला गेलात तर तिथं काहीच बिघडलेलं नसतं. लॉगच्या प्रत्येक ओळीत तारखेनंतर एक अक्षर असतं, ई म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, आय म्हणजे माहिती. फक्त ई वाल्या ओळी काढायच्या आणि त्यातली वरून पहिली वाचायची, खालून नाही.

तसं केल्यावर मिळालं 'रिझॉल्व्ह ब्रिक फेल्ड इन रिस्टोअर'.

यावर अर्धा दिवस गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही ओळ शोधली की जिथं तिथं एकच उत्तर मिळतं, होस्टनेम सापडत नाहीये, डीएनएस बघा, एटीसी-होस्ट्स बघा, नेटवर्क वर यायच्या आधी ग्लस्टरडी चालू होतेय ते बघा. बऱ्याच जणांचं तेच कारण असतं हे खरं. पण जुईवरून जाई आणि मोगरा दोन्ही नावानं पिंग होत होते, होस्ट्स फाइल तिन्हीकडे सारखी, नेटवर्क वर आल्यावर तासाभरानं हातानं सर्व्हिस चालू केली तरी तीच ओळ. फायरवॉल पूर्ण बंद करून बघितली, तरी तेच. एसई-लिनक्स (लिनक्सचा सुरक्षा पहारा) परमिसिव्ह म्हणजे न अडवणारं करून बघितलं, तेच.

मग लक्षात आलं की ग्लस्टरडीच्या दृष्टीनं ब्रिक रिझॉल्व्ह होणं म्हणजे नुसता आयपी मिळणं नव्हे. ब्रिक कुठल्या होस्टवर आहे ते बघून त्या होस्टचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) कोणता हे तिला तिच्या ओळखीच्या पीअरच्या (सोबतच्या नोडच्या) यादीत सापडावं लागतं. आयपी मिळाला पण यादीत तो माणूसच नाही, तरी एरर हीच. म्हणजे मेसेज बरोबर होता, फक्त डीएनएसशी त्याचा काही संबंध नव्हता.

पीअरची यादी असते /व्हार/लिब/ग्लस्टरडी च्या आत पीअर्स फोल्डरमध्ये. तिथं गेलो. दोन फाइली, एक जाईची, एक मोगराची. मोगराची फाइल शून्य बाइट.

१८ मे, संध्याकाळ

शून्य बाइट दिसल्यावर हात लावायच्या आधी /व्हार/लिब/ग्लस्टरडी हे पूर्ण फोल्डर टार करून चाफावर ठेवलं. हे कराच. या फोल्डरमध्ये तुमचा डेटा नाही पण क्लस्टरची सगळी ओळखपाळख यात आहे, आणि रात्रीच्या घाईत माणूस काय उडवेल सांगता येत नाही. शोधताना मला निदान तीन ठिकाणी हे पूर्ण फोल्डर उडवा आणि नव्यानं पीअर जोडा असा सल्ला मिळाला. तसं करू नका. ज्या नोडवर ब्रिक आहे त्याचा यूयूआयडी हरवला की बाकीचे नोड त्याला ओळखत नाहीत, आणि व्हॉल्यूमच्या नोंदीत ब्रिक जुन्या यूयूआयडीच्या नावावर राहतो.

मग 'फाइंड' नं त्या फोल्डरमधल्या शून्य आकाराच्या सगळ्या फाइली काढल्या, तीच कमांड जाईवर चालवली, आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. जाईशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही की कुठली फाइल मुळातच रिकामी असते आणि कुठली रिकामी झालीय. जुईवर खराब निघालेल्या दोन: मोगराची पीअर फाइल, आणि दफ्तर व्हॉल्यूमच्या फोल्डरमधली इन्फो फाइल. डिस्क भरलेली असताना ग्लस्टरडीनं या फाइली परत लिहायला घेतल्या असणार, जागा मिळाली नाही, आणि वरून लाइट गेली.

तिसरी खराबी शून्य बाइटच्या यादीत सापडली नाही, ती जास्त धोक्याची होती. ग्लस्टरडी.इन्फो नावाची एक छोटी फाइल असते, आत दोनच ओळी, एक यूयूआयडी आणि एक ऑपरेटिंग-व्हर्जन. तिच्यात मजकूर नीट दिसत होता. पण फाइलीची वेळ आज सकाळची. ही फाइल रोज बदलायचं काही कारण नाही, वर्षानुवर्षं तशीच असते. जाईवर 'ग्लस्टर पीअर स्टेटस' मारून जुईचा यूयूआयडी बघितला, तर वेगळाच. म्हणजे ही पण रिकामी झालेली, आणि मी जागा करून सर्व्हिस चालू केल्यावर ग्लस्टरडीला स्वतःचा यूयूआयडी सापडला नाही म्हणून तिनं नवीन बनवून लिहून टाकला. तेव्हा तुमच्याकडे डिस्क भरून असं झालं असेल तर जागा केल्यावर सर्व्हिस चालू करायच्या आधी ही फाइल उघडून बघा. रिकामी दिसली की लगेच कळेल, एकदा चालू केली की नवा नंबर पडतो आणि मग तो बरोबरच वाटत राहतो.

१९ मे, सोमवार, सकाळ

दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून क्रमानं लिहितो.

जुईवर ग्लस्टरडी बंद आहे याची खात्री केली. ग्लस्टरडी.इन्फो मध्ये यूयूआयडीच्या ओळीत जाईकडून मिळालेला जुना नंबर हातानं टाकला. ऑपरेटिंग-व्हर्जनची ओळ जाईच्या फाइलीत होती तशी. इथं जाईची पूर्ण फाइल कॉपी करून आणायची नाही, नाहीतर दोन नोडचा यूयूआयडी एकच होईल आणि त्याच्यातून सुटणं आजच्यापेक्षा अवघड.

पीअर्स फोल्डर. प्रत्येक नोडच्या या फोल्डरमध्ये बाकीच्यांच्या फाइली असतात, स्वतःची नसते. फाइलीचं नाव म्हणजे त्या पीअरचा यूयूआयडी, आणि आत तीन ओळी: यूयूआयडी, स्टेट बरोबर ३, आणि होस्टनेम१. जाईकडे मोगराची चांगली फाइल होती, तेवढी एकच आणली. जाईचं पूर्ण पीअर्स फोल्डर आणलं असतं तर जुईच्या यादीत जुईच पीअर म्हणून आली असती आणि जाई गायब.

व्हॉल्यूमची माहिती. व्हॉल्स फोल्डरमधलं दफ्तर हे फोल्डर जाईवरून 'आरसिंक' नं आणलं. ही माहिती सगळ्या नोडवर सारखी असते, आणि चेकसम जुळायला हवा म्हणून नुसती इन्फो फाइल न आणता फोल्डरच आणलं. शेवटी एसई-लिनक्सची लेबलं नीट व्हावीत म्हणून 'रिस्टोअरकॉन' फिरवलं आणि काल परमिसिव्ह केलेलं परत एनफोर्सिंग केलं.

'सिस्टमसीटीएल स्टार्ट ग्लस्टरडी'. उठली. 'पीअर स्टेटस' तिन्हीकडून बघितलं, सगळे कनेक्टेड. हे फक्त एका नोडवरून बघू नका, एकाला सगळे दिसतात आणि दुसऱ्याला एक जण रिजेक्टेड दिसतो असंही होतं.

१९ मे, दुपार

ग्लस्टरडी चालू, पण 'व्हॉल्यूम स्टेटस' मध्ये जुईचा ब्रिक ऑनलाइन 'एन', पोर्ट नाही, पीआयडी नाही. ब्रिकची प्रोसेस वेगळी असते, ग्लस्टरएफएसडी, आणि तिचा लॉगही वेगळा, ब्रिक्स नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. तिथं स्पष्ट लिहिलेलं, ब्रिकच्या फोल्डरवर 'ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.व्हॉल्यूम-आयडी' हे एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट (फोल्डरला चिकटवलेली जादा खूण) नाही.

या एररवर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'सेटएफअॅटर' नं ते अॅट्रिब्यूट हातानं लावा, ब्रिक चालू होईल. चालू होईलच. पण ते अॅट्रिब्यूट गेलं कशानं हा प्रश्न आधी विचारा. अॅट्रिब्यूट आपोआप पुसलं जात नाही. ब्रिकचं फोल्डर बघितलं तर पूर्ण रिकामं, आणि 'डीएफ' मध्ये डेटाची डिस्कच नाही. म्हणजे हे फोल्डर म्हणजे रूट डिस्कवरचं नुसतं माउंट पॉइंट होतं, आपली डिस्क त्याच्यावर बसलेलीच नव्हती. या रिकाम्या फोल्डरला व्हॉल्यूम-आयडी चिकटवला असता तर ग्लस्टरला वाटलं असतं की ब्रिक आहे आणि त्यातल्या सगळ्या फाइली हरवल्यात, आणि सेल्फ-हीलनं (मागं राहिलेली कॉपी आपोआप भरून काढण्याचं काम) साडेनऊ टीबी जाईवरून ओढून ६४ जीबीच्या रूट डिस्कवर ओतायला सुरुवात केली असती. जी डिस्क भरल्यामुळे हे सगळं झालं तीच. तो आयडी म्हणजे दारावरचा राखणदार आहे, तो अडवतोय तर का अडवतोय ते बघायचं. 'व्हॉल्यूम स्टार्ट' ला 'फोर्स' लावायच्या आधीही आधी माउंट बघायचं, हाच नियम.

डिस्क का बसली नाही? एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव /डेव्ह/एसडीबी१ असं लिहिलेलं. शुक्रवारी बॅकअपसाठी एक यूएसबी डिस्क लावलेली, ती लागलेलीच असताना मशिन बंद पडलं आणि परत चालू झालं, या वेळी यूएसबी डिस्क एसडीबी झाली आणि आपली डिस्क एसडीसी. एसडीबी१ वर एक्सएफएस नाही म्हणून माउंट फेल, आणि ओळीत 'नोफेल' असल्यामुळे मशिन गपचूप बूट होऊन मोकळं. एफएसटॅबमध्ये नाव काढून फाइलसिस्टमचा यूयूआयडी टाकला ('बीएलकेआयडी' नं मिळतो) आणि माउंट केलं. एक्सएफएसनं लाइट गेल्यानंतरचा आपला जर्नल माउंट होतानाच वाचून घेतला, 'डीमेसेज' मध्ये रिकव्हरी पूर्ण झाल्याची ओळ आली. माउंट होत असेल तर 'एक्सएफएस रिपेअर' च्या वाटेला जाऊ नका, आणि त्याचा 'मायनस एल' पर्याय तर जर्नल फेकून देतो, तो अगदी शेवटचा.

मग 'गेटएफअॅटर' नं खऱ्या डिस्कवरचा व्हॉल्यूम-आयडी बघितला आणि जाईच्या इन्फो फाइलीतल्याशी ताडला. तोच. आता 'व्हॉल्यूम स्टार्ट दफ्तर फोर्स', याच्यानं चालू ब्रिकना धक्का लागत नाही, फक्त बंद पडलेला उठतो. ब्रिक ऑनलाइन 'वाय'.

मूळ सेटअप ज्यांनी केला त्यांनी माउंट पॉइंटलाच ब्रिक केलंय. ग्लस्टर त्या वेळी सांगतो की माउंट पॉइंटच्या आत एक सब-फोल्डर करा आणि ते द्या, पण 'फोर्स' लावला की गप्प बसतो. सब-फोल्डर असतं तर डिस्क नसताना पाथच सापडला नसता आणि गोष्ट तिथंच कळली असती. नवीन व्हॉल्यूम करणाऱ्यांनी ही सूचना ऐकाच.

१९ मे, रात्री

हील चालू व्हायला पाहिजे होतं, होईना. 'व्हॉल्यूम हील दफ्तर इन्फो' जाईवर मारलं तर जुईसमोर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड'. स्टेटस म्हणतं ब्रिक चालू, हील म्हणतं पोचता येत नाही. ग्लस्टरडी २४००७ पोर्टवर बोलते, ते उघडं होतं म्हणून पीअर कनेक्टेड दिसत होते. ब्रिकची पोर्ट वेगळी, ४९१५२ पासून पुढं, आणि ग्लस्टर १० पासून ब्रिक दर वेळी त्या रेंजमधलं कुठलंही पोर्ट घेतो, पूर्वीसारखं ओळीनं पहिलं नाही. जुईच्या फायरवॉलमध्ये रेंज उघडलेली होती पण फक्त चालू सेशनपुरती, पर्मनंट केलीच नव्हती, रीबूट झाल्यावर गेली. काल मी फायरवॉल बंद करून बघितली तेव्हा ब्रिक चालूच नव्हता त्यामुळे हे तेव्हा दिसायला मार्ग नव्हता. 'पर्मनंट' लावून ४९१५२ ते ६०९९९ उघडली, फक्त आतल्या नेटवर्कसाठी, आणि रीलोड. मिनिटभरात हीलच्या यादीतले आकडे हलायला लागले.

२० मे

सकाळी बघितलं तर हीलमध्ये उरलेल्या तीन नोंदी, बाकी सगळं रात्रीत झालं. ग्लस्टर पूर्ण साडेनऊ टीबी तपासत नाही, जुई नसताना ज्या फाइलींवर लिहिलं गेलं त्यांची नोंद जाई आणि मोगराकडे ठेवलेली असते, तेवढ्याच भरतो. उरलेल्या तीन म्हणजे लाइट गेली तेव्हा उघड्या असलेल्या फाइली. चाफावरून माउंटमधून त्या फाइलींवर 'स्टॅट' मारलं, दोन लगेच गेल्या. तिसरी सांबाची टेम्पररी फाइल होती, ताईंना विचारून माउंटमधूनच उडवली. ब्रिकमधून उडवायची नाही, परत सांगतो.

हील शून्य झाल्यावर शनिवार-सोमवारच्या सगळ्या स्कॅनचे चेकसम स्कॅनरच्या पीसीवरच्या फाइली आणि जुईच्या ब्रिकवरच्या फाइली यांच्यात जुळवले. जुळले. मग ताईंना फोन करून सांगितलं की आता पीसीवरच्या उडवल्या तरी चालतील. त्या म्हणाल्या, "राहू द्यात की आठवडाभर, कुठं खायला मागत्यात." बरोबर बोलल्या, ठेवल्या.

२१ मे

लॉग का वाढले. 'व्हॉल्यूम गेट दफ्तर ऑल' ची लांबलचक यादी वाचली, त्यात ब्रिक-लॉग-लेव्हल डीबगवर. मागं झेड ड्राइव्ह स्लो होतो म्हणून बाहेरचा माणूस बोलावलेला, त्या तपासात ही सेटिंग केली गेली आणि तशीच राहिली. डीबगवर ब्रिक प्रत्येक बारीक हालचाल लिहितो. जाईची ओएस डिस्क मोठी म्हणून तिथं भरली नाही, मोगराची पाहिली तर ती पण ऐंशी टक्क्यांवर आलेली, म्हणजे एक-दोन महिन्यांत तो पण याच वाटेनं गेला असता आणि तेव्हा तिघांपैकी दोघं एकदम बंद.

'व्हॉल्यूम रीसेट' नं ती सेटिंग मूळ जागी आणली. शनिवारी लॉग वाढलेले दिसत होते तरी तेव्हा सेटिंगला मुद्दाम हात लावला नव्हता. एक नोड बाहेर असताना व्हॉल्यूमच्या सेटिंग बदलल्या की परत येणाऱ्या नोडची माहिती आणि चेकसम जुळण्याची भानगड वाढते, आणि पीअर रिजेक्टेड हे आणखी एक लफडं अंगावर येतं. आधी तिघं एकत्र, मग सेटिंग.

लॉगरोटेटमध्ये ग्लस्टरसाठी आकाराची मर्यादा घातली, जुन्या फाइली मोजक्याच ठेवायच्या. जुईवर लॉगसाठी २४० जीबीची वेगळी एसएसडी, १,८०० रुपये. लॉगनं भरायचंच असेल तर ती डिस्क भरू दे, /व्हार/लिब/ग्लस्टरडी ला धक्का लागता कामा नये. शिवाय तिन्ही नोडवर रोज रात्री त्या फोल्डरचा टार होऊन बाकीच्या दोघांकडे जातो. काही एमबीची गोष्ट आहे, आणि रविवार त्याच्यावाचूनच गेला.

२४ मे, शनिवार

यूपीएसच्या तीन बॅटऱ्या बदलल्या, ३,६०० रुपये. यूपीएसची यूएसबी केबल पण जोडली, आता बॅटरी कमी झाली की मशिन नीट शटडाउन होतं.

माउंट पॉइंटसाठी एक जुनी युक्ती केली. डिस्क अनमाउंट करून खालच्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचअॅटर प्लस आय' लावलं. आता डिस्क नसेल तर त्या फोल्डरमध्ये रूटलाही काही लिहिता येत नाही, अॅट्रिब्यूटही चिकटवता येत नाही. डिस्क वर बसली की याचा काही परिणाम नाही. जाई आणि मोगरावर हे एकेक करून केलं, मध्ये हील शून्य झाल्याची खात्री करून.

मग कार्यालयाला सुट्टी असताना खरी चाचणी. यूएसबी डिस्क मुद्दाम लावून जुई रीबूट केली, डिस्क आपल्या जागी बसली, ग्लस्टरडी उठली, ब्रिक वर आला, पोर्ट वेगळं घेतलं तरी हील चालू. मग चाफा रीबूट केला, जुई बंद ठेवून. झेड ड्राइव्ह आला.

कार्यवाह सरांनी विचारलं की हे सोडून दुसरं काही घ्यायचं का. प्रश्न योग्य आहे. रेड हॅटनं २०११ मध्ये ग्लस्टर विकत घेतलं होतं, त्यांचं त्यावरचं विकाऊ प्रॉडक्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं, आता जे चालू आहे ते कम्युनिटीच्या जोरावर. सेफ (Ceph) हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर जास्त जोरात चालू आहे, पण त्याला तीन छोट्या मशिनवर रॅम आणि देखभाल दोन्ही जास्त लागते, आणि त्यात फाइली डिस्कवर फाइली म्हणून दिसत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मी ताईंना दहा मिनिटांत "काही गेलं नाही" असं सांगू शकलो ते जाईच्या डिस्कवर फाइल उघडून बघता आली म्हणून. निदान हे स्कॅनिंग पूर्ण होईपर्यंत तरी मी इथून हलणार नाही, असं सरांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

१ जून

आठवडाभर लॉग बघतोय, जुईवर ब्रिकचा लॉग दिवसाला एक-दोन एमबी. मोगराची डिस्क तीस टक्क्यांवर आली.

राहिलेलं काम एकच, ब्रिक सब-फोल्डरमध्ये न्यायचे. पाथ बदलतो म्हणजे 'रिप्लेस-ब्रिक' करावं लागेल आणि साडेनऊ टीबी नव्यानं भरला जाईल, आणि तेवढा वेळ पूर्ण कॉपी एकच राहील. त्यामुळे आधी सगळ्याची एक वेगळी कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढायची, त्या डिस्कचं कोटेशन मागवलंय. डिस्क आली की आधी जुई, तिचं हील शून्य झाल्यावर जाई.